शेवटच्या माणसाजवळ उभं राहा

बाळा, यंदा कॉमिक कॉनला स्वयंसेवक म्हणून नाव दिलंयस, असं तुझ्या आईनं सांगितलं. गळ्यात ओळखपत्र, अंगात आयोजकांचा टीशर्ट आणि आवडत्या चित्रकाराचं टेबल दहा पावलांवर, म्हणून उड्या मारत असशील. मार खुशाल. पण तुला ठेवतील ते रांगेवर. नव्या पोरांना बहुतेक रांगेवरच ठेवतात, आणि साऱ्या मेळाव्यातलं सगळ्यात जबाबदारीचं काम नेमकं तेच असतं.

दिल्ली हाटमध्ये २०११च्या फेब्रुवारीत हे कॉमिक कॉन सुरू झालं, त्याच वर्षी मुंबईत आलं, आणि पुढं कधी गोरेगावच्या नेस्कोत, कधी बीकेसीत भरत राहिलं. आपल्या मीरा रोड-भाईंदरची पोरं दरवर्षी घोळक्यानं जातात. रांगेत उभं कसं राहायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको. स्टेशनाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेतच ती मोठी झाली आहेत. रांग उभी करणं ही मात्र वेगळी विद्या आहे. मंडळाच्या गणपतीपासून पोरांच्या मेळाव्यांपर्यंत रांगा लावण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून हा मावशीचा अधिकार वापरते.

सगळ्यात आधी एक सांगते, बाकी विसरलास तरी चालेल. रांग तोंडाशी बिघडलेली दिसते, पण बिघडते ती शेपटाकडे. पुढच्या माणसाला टेबल दिसत असतं, चित्रकार दिसत असतो, त्याला धीर असतो. शेवटच्याला काहीच दिसत नाही. आपण योग्य रांगेत आहोत का, नंबर लागेल का, किती वेळ लागेल, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. म्हणून तो टाचा उंचावतो, बाजूनं डोकावतो, दोन पावलं पुढं सरकतो, आणि ढकलाढकल तिथून सुरू होते. माझी आपली एक म्हण आहे, शेपूट शांत तर तोंड निवांत.

दार उघडायच्या आधी

१. मेळावा नेस्कोत असेल आणि भाईंदरहून फास्ट मिळाली तर बोरिवलीला उतर, स्लो धर आणि राम मंदिरला उतर – २०१६च्या डिसेंबरात झालेलं ते स्टेशन नेस्कोला सोयीचं पडतं, पण तिथं फास्ट थांबत नाही, आणि त्या सकाळी अंधेरीपर्यंत जाऊन उलटं यायला तुला वेळ नसेल.

२. दार उघडायच्या तासभर आधी पोच आणि रांग जिथून जाणार ती सगळी वाट चालून बघ – नकाशात नसलेला खांब, वायरींची गुंतवळ आणि ओली फरशी पायालाच सापडते.

३. माणसामागं साधारण अर्धा मीटर धर, म्हणजे १०० जणांना ५० मीटर – पाठीवर सॅक आणि खांद्याला पुठ्ठ्याचे पंख लावून पात्रांच्या वेषात मंडळी आली की हीच रांग बघता बघता दीडपट लांबते.

४. दोऱ्या, जमिनीवरची टेप आणि पाट्या माणसं यायच्या आधी लागल्या पाहिजेत – आधी दोरी, मग गर्दी; लोक वेडेवाकडे उभे राहिले की मग प्रत्येकाशी त्याच्या जागेवरून हुज्जत घालावी लागते.

५. आणीबाणीचं दार, आग विझवायचं नळकांडं आणि स्वच्छतागृहाची वाट यांच्यासमोर रांग उभी करू नकोस – आणि दुसरी वाटच नसेल तर तिथं दोन माणसं जातील एवढी खिंड ठेवून दोन्ही काठांना एकेक स्वयंसेवक उभा कर, कारण रिकामी जागा नुसत्या पाटीनं रिकामी राहत नाही.

६. नागमोडी रांग लावलीस तर प्रत्येक वळणावर बाहेर पडायला फट ठेव – मधल्या कुणाला चक्कर आली तर त्याला २०० माणसांमधून उलटं आणायची पाळी येता कामा नये.

७. एकाच कामाची पाच टेबलं असली तरी रांग एकच ठेव आणि तोंडाशी उभा असेल त्याला मोकळ्या टेबलाकडे धाड – पाच रांगा लावल्या की प्रत्येकाला शेजारचीच भराभर सरकताना दिसते, आणि मनात अन्यायाची गाठ बसते.

८. सही घेऊन झालेल्याची बाहेर पडायची वाट वेगळी काढ – येणारा आणि जाणारा एका फटीत समोरासमोर आले की दोघांचाही राग तुझ्यावर निघतो.

९. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१४ साली मेळाव्यांतल्या गर्दीविषयी एक मार्गदर्शिका काढली आहे, ती आयोजकांकडे माग किंवा आधी घरी वाचून जा – वाचायला कंटाळा करशील हे मला ठाऊक आहे, पण जबाबदारी कुणाची आणि कुणी कुणाला कळवायचं हे तीत नीट मांडलेलं आहे.

शेपटाकडे

इथं मला जरा रेंगाळू दे, कारण हाच भाग सगळे उरकून टाकतात.

टोकियोत कॉमिकेट नावाचा मेळावा भरतो. २१ डिसेंबर १९७५ला तो लहानसा सुरू झाला, आणि आता वर्षातून दोनदा लाखोंनी माणसं येतात. हौशी मंडळी स्वतः काढलेली कॉमिक्स टेबलावर मांडून विकतात, आणि त्यातल्या काही टेबलांपुढं केवढ्या तरी रांगा लागतात. या रांगा सांभाळायची त्यांची युक्ती फार साधी आहे. रांगेतला शेवटचा माणूस हातात पाटी धरतो, ‘रांगेचा शेवट इथं’. नवा आला की पाटी आपल्या हातात घेतो आणि मागं उभा राहतो. मग त्याच्या मागचा घेतो. वाटेसाठी रांग मध्ये तोडावी लागली तर त्या तुटलेल्या टोकाशी दुसरी पाटी असते, ‘हा शेवट नव्हे’. मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की नियम पाळायचं काम रांगेतल्याच माणसाच्या हातात दिलं जातं. ज्यानं दोन मिनिटं ती पाटी धरली, तो पुढं कुणाला मध्ये घुसू देत नाही.

१०. तूही पुठ्ठ्याची पाटी कर, ठळक अक्षरांत, मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत – ‘शेवट कुठंय?’ हा प्रश्न दिवसभर शेकडो तोंडांनी विचारला जातो, आणि पाटीचा घसा बसत नाही.

११. तुम्ही दोघं असाल तर तरबेज असेल त्यानं शेपटाकडे जावं, नवख्यानं तोंडाशी – तोंडाशी फक्त माणसं सोडायची असतात, शेपटाशी माणसं समजवायची असतात.

१२. हिशेब आधी करून ठेव: एका सहीला दोन मिनिटं, तर तासाला ३०, चित्रकार तासभरच बसणार असेल तर २५व्या माणसामागं रांग बंद कर – उरलेली दहा मिनिटं त्याच्या पाणी पिण्यात, गप्पांत आणि एखाद्या लांबलचक नावाच्या सहीत जातातच.

१३. रांग बंद झाली की ‘रांग बंद’ची पाटी घेऊन त्या शेवटच्या माणसामागं स्वतः उभा राहा, जागा सोडू नकोस – आत्ता ‘नाही’ ऐकलेला माणूस दुसऱ्या स्टॉलकडे जातो, दोन तास उभा राहून ‘नाही’ ऐकलेला माणूस तुझ्या अंगावर येतो, आणि त्याचा राग खरा असतो.

१४. लागणारा वेळ थोडा वाढवून सांग. चाळीस मिनिटं वाटत असतील तर पन्नास सांग – लवकर नंबर लागला म्हणून आजवर कुणी भांडलेलं नाही.

१५. दर दहा-पंधरा मिनिटांनी शेपटापासून तोंडापर्यंत चालत जा आणि काय चाललंय ते सांग, काही नवं नसेल तरी सांग – डेव्हिड मेस्टर यांनी १९८५च्या एका लेखात हेच मांडलं की कारण न कळलेली, किती वेळ ते न कळलेली आणि रिकाम्या हातांनी पाहिलेली वाट लांब वाटते.

१६. एकाला किती वस्तूंवर सही, फोटो काढू देणार की नाही, पैसे रोख की मोबाइलवरून, हे टेबलावर लिहितात ते शेपटाशी लिही – नियम टेबलाशी पोचल्यावर कळला तर माणसाला तो नियम न वाटता फसवणूक वाटते.

१७. हॉलची रांग असेल तर एका कार्यक्रमानंतर हॉल रिकामा करणार की नाही, हे आयोजकांना विचारून आधीच सांगून टाक – सॅन डिएगोच्या कॉमिक कॉनमध्ये ‘हॉल एच’ नावाच्या सभागृहात साडेसहा हजारांच्या आसपास माणसं मावतात, पण दोन कार्यक्रमांच्या मध्ये ते रिकामं करत नाहीत. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी लोक सकाळीच आत जाऊन बसतात, आणि बाहेरची रांग तासन्‌तास हलत नाही.

१८. स्वतःला नक्की ठाऊक नसलेली गोष्ट कधी सांगू नकोस. ‘विचारून येतो’ म्हण, आणि खरंच येऊन सांग – ४ जून २०२५ला बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर क्रिकेटच्या विजयोत्सवाला लोटलेल्या गर्दीत ११ जीव गेले. मोफत प्रवेश आहे की पास लागतो, याचे उलटसुलट निरोप त्या दिवशी फिरत होते.

१९. नवीन टेबल उघडलं तर त्याची घोषणा करू नकोस, तोंडाकडची माणसं मोजून शांतपणे तिकडं ने – घोषणा केलीस की सगळ्यात मागचे पळत पुढं जातात, आणि तासभर थांबलेले बघत राहतात.

मध्ये घुसणाऱ्यांशी

२०. मध्ये घुसलेला प्रत्येक जण आधी चुकलेला समज – निम्म्यांना खरंच शेवट सापडलेला नसतो, आणि उरलेल्यांना अब्रूनं मागं जायला तेवढंच निमित्त पुरतं.

२१. ‘मागं व्हा’ असं बोट दाखवून सांगू नकोस. ‘दादा, शेवट तिकडं आहे, चला, मी दाखवतो’ म्हण आणि चालायला लाग – माणूस सोबतीनं सहज मागं जातो.

२२. शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात सेवेकरी येणाऱ्या प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतात, ते एकदा जाऊन ऐक – हजारोंच्या दर्शनबारीत आवाज न चढवता शिस्त राहते, यात त्या एका हाकेचा वाटा मोठा आहे. तू ‘माउली’ म्हणायलाच हवं असं नाही, दादा-ताई पुरे. पण ‘ओ’ आणि ‘ए’ नको.

२३. तक्रार कुणी करायची वाट बघू नकोस, दिसलं की तूच बोल – स्टॅन्ली मिलग्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या रांगांत मुद्दाम माणसं घुसवून पाहिली (तो अभ्यास १९८६ साली छापून आला). आवाज उठला तो बहुतेक अगदी लगेच मागं उभ्या असलेल्यांकडून, बाकीचे गप्प राहिले. ते ओझं एकट्या मागच्या माणसावर टाकू नये.

२४. ‘माझा मित्र पुढं उभा आहे’ हे दिवसातून शंभरदा ऐकशील. उत्तर एकच ठेव, मित्राला भेटायचं तर मित्रानं मागं यायचं – एकाच्या मित्राला सूट, तर शंभरांचे मित्र वाटेत.

२५. सॅक, पाण्याची बाटली किंवा तलवार जमिनीवर ठेवून जागा धरता येत नाही, हे पहिल्या सॅकलाच सांग – दहावी सॅक आली की ती रीत होऊन बसते, आणि रीत मोडणं नियम लावण्यापेक्षा कितीतरी अवघड.

२६. स्वच्छतागृहात जाणाऱ्याला मात्र मोकळ्या मनानं जाऊ दे. जाताना पुढच्या आणि मागच्या माणसाला चेहरा दाखवून जायला सांग – दोघांना ओळख राहते, आणि तुला परत आल्यावर न्यायनिवाडा करत बसावं लागत नाही.

२७. आपल्या सोसायटीतलं कुणी भेटेल, शांतीनगरातला शाळेतला दोस्त भेटेल, सख्खा भाऊसुद्धा भेटेल. हसून मिठी मार आणि शेवटाकडे धाड – तू ओळखीच्याला आत घेतलंस की मागचे ५० जण तुझं तोंड पाठ करतात, आणि उरलेला दिवस तुझा शब्द कुणी मानत नाही.

२८. पाहुण्यांची, महागड्या तिकिटांची वेगळी रांग असेल तर ती उघडपणे पाटी लावून वेगळी ठेव – लालबागच्या राजाला नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, हे सगळ्यांना ठाऊक असतं; लोकांना खटकतात ती बाजूनं गुपचूप सोडलेली माणसं.

२९. म्हातारी माणसं, गरोदर बाई, कडेवर मूल, चाकाची खुर्ची, यांना बाजूला खुर्ची दे आणि ‘यांचा नंबर या ताईंच्या नंतर’ असं मोठ्यानं सांग – उघड दिलेल्या सवलतीला रांग स्वतःहून होकार देते.

३०. कुणी म्हणालं ‘मला जास्त वेळ उभं राहवत नाही’ तर पुरावा मागू नकोस – डोळ्यांना न दिसणारी दुखणी फार असतात; कुणी खोटं बोललंच तर एक नंबर मागं-पुढं झाला, एवढंच.

३१. पोलिसांची भीती घालू नकोस, आणि सुरक्षारक्षकाला हाक मारायची वेळ आली तर कुणाच्या देखत मारू नकोस – चारचौघांत अपमान झालेला माणूस नंतर नियमाशी भांडत नाही, तुझ्याशी भांडतो.

वेषधारी मंडळी

३२. पोशाख कसाही असला तरी अंगाला हात लावायचा नाही, तूही नाही आणि रांगेतल्या कुणीही नाही – न्यूयॉर्क कॉमिक कॉननं २०१४पासून यावर ठळक पाट्या लावल्या. आपण मराठीत लावावी, ‘पोशाख म्हणजे परवानगी नव्हे’.

३३. रांगेत उभ्या असलेल्या मुलीचे कुणी न विचारता फोटो काढत असेल तर तू दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहा आणि साध्या आवाजात विचार, ‘ताई, चालेल का?’ – तिला नाही म्हणायला आधार मिळतो, आणि त्यालाही न भांडता थांबता येतं.

३४. हौसेनं फोटो देणाऱ्यांना रांगेबाहेर मोकळ्या कोपऱ्यात ने आणि त्यांची जागा राखायचं तू कबूल कर – एका पंखवाल्याभोवती वीस मोबाइल जमले की वाट बंद पडते.

३५. लांब शस्त्रं टोक खाली करून धरायला सांग आणि मोठ्या पंखांमागं एका माणसाची जागा जास्तीची सोड – पुठ्ठ्याची तलवारसुद्धा मागच्या पोराच्या डोळ्याच्या उंचीवर असते.

३६. तोंडभर मुखवटा घातलेल्यांकडे दर वेळी जाता जाता बघ, मुखवटा काढायला लाव, पाणी दे – आत उष्मा साठतो, ऐकू कमी येतं, आणि चक्कर आली तरी बाहेरून कळत नाही.

३७. लहान मुलं घेऊन आलेल्या आईबापांना मुलाच्या मनगटावर पेनानं फोन नंबर लिहायला सांग – हरवलेलं मूल स्वतःचं नाव सांगतं, आईचं नाव ‘आई’ सांगतं.

गर्दी दाटली तर

आता जरा गंभीरपणे ऐक. २९ सप्टेंबर २०१७ची सकाळ आपल्या पश्चिम रेल्वेवरची माणसं विसरलेली नाहीत. एल्फिन्स्टन रोड स्टेशन, आताचं प्रभादेवी. जोराचा पाऊस आला, लोक अरुंद पुलावर आणि जिन्यात थांबले, खाली गाड्या येतच राहिल्या आणि मागून माणसं चढतच राहिली. २३ जीव गेले. तिथं कुणी वाईट वागलं नव्हतं. मागच्यांना पुढं काय झालंय ते दिसत नव्हतं, आणि पुढच्यांना मागं जायला जागा नव्हती. अशा गर्दीत माणूस अनेकदा उभ्याउभ्याच जातो, छाती इतकी दबते की श्वास आत घेता येत नाही. म्हणून मी तुला सुरुवातीपासून शेपटाकडे पाठवते आहे.

३८. एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसं दिसायला लागली की कुणाला विचारत बसू नकोस, येणं थांबव – त्यापुढं माणसाला स्वतःच्या मर्जीनं पाऊल टाकता येत नाही.

३९. खुणा ओळखायला शीक: हात छातीपर्यंत वर नेता येत नाहीत, सगळी गर्दी एकदम डुलते, गप्पा थांबून ओरडा सुरू होतो – यातली एक जरी दिसली तरी रांगेचे नियम बाजूला, माणसं मोकळी करणं आधी.

४०. आधी मागून येणं थांबव, मग बाजूची दोरी सोड, मग पुढचं दार उघड. क्रम बदलू नकोस – दार आधी उघडलंस की मागचे जोरानं पुढं येतात.

४१. ‘पळा’, ‘लवकर चला’, ‘शेवटची दहा मिनिटं’ हे शब्द दिवसभर तोंडातून काढू नकोस – एक जण धावला की दहा धावतात. २०१२ साली सॅन डिएगोत रांगेतली जागा गाठायला रस्ता ओलांडून धावणारी एक चाहती गाडीखाली सापडून गेली.

४२. सकाळी दार उघडताना दोन स्वयंसेवकांनी आडवी दोरी धरून रांगेच्या पुढं सावकाश चालत आत जायचं – तुमच्या पावलांची चाल तीच सगळ्यांची चाल.

४३. मोठा कलाकार आला की सगळे स्वयंसेवक त्याच्याकडे धावतात. तू धावू नकोस – त्याच क्षणी रांगेला तुझी सगळ्यात जास्त गरज असते, आणि फोटो काय, मी तुला नंतर कुणाकडून तरी मागून देईन.

४४. वैद्यकीय मदतीची खोली कुठं आहे ते सकाळीच चालून बघ आणि ११२ व १०८ हे दोन्ही नंबर ध्यानात ठेव – माणूस पडल्यावर खोली शोधणारा स्वयंसेवक पडलेल्याच्या काय कामाचा!

तुझं स्वतःचं

४५. जुने, सवयीचे बूट घाल. नवे कोरे त्या दिवशी नको – दुपारी पाय चावायला लागले की जिभेलाही धार येते.

४६. भोंगा फक्त माहितीसाठी वापर, समज द्यायची ती जवळ जाऊन, हळू आवाजात – भोंग्यावर ऐकलेली समज सगळ्यांना लागते, फक्त ज्याला द्यायची त्याला सोडून.

४७. दोन तासांनी जागा बदलून घे, बसून जेव, आणि डबा घरून ने – उपाशी माणसाचा नियम कडक होतो. आई पोळीभाजी देईल, मी वर दोन लाडू पाठवते.

४८. जागा दुसऱ्याकडे सोपवताना तोंडी तीन गोष्टी सांग: रांगेत साधारण किती जण, कुठं बंद केली, आणि कुणाला काय कबूल केलंय – तू एखाद्या आजोबांना ‘परत आलात की आत घेतो’ म्हणाला असशील आणि नव्या स्वयंसेवकाला ते ठाऊक नसेल, तर आजोबा तुम्हा दोघांनाही खोटारडे समजतील.

४९. चूक तुमच्या बाजूची असेल, चित्रकार लवकर उठून गेला, वस्तू संपल्या, तर शेपटापर्यंत चालत जाऊन माफी माग, कारण सांग आणि पुढची वेळ ठरली असेल तर ती लिहून दे – भोंग्यावरची माफी कुणाला पोचत नाही.

५०. ज्यांचा नंबर लागला नाही आणि तरीही जे मुकाट्यानं गेले, त्यांना जाताना ‘थांबलात, आभारी आहे’ म्हण – सगळ्या दिवसात त्यांनीच तुझं काम सोपं केलेलं असतं, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

५१. संध्याकाळी आपली मीरा-भाईंदरची पोरंपोरी एकत्र निघा, आणि सगळी घरी पोचल्याचा निरोप कुणी एकानं गोळा करायचा हे आधी ठरवा – थकल्यावर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं विचारलं असेल.

५२. निघायच्या आधी पाच ओळी कागदावर लिहून त्या दालनाच्या प्रमुखाकडे दे: रांग कुठं अडली, कुठल्या वळणावर फट कमी पडली, कुठली पाटी कुणी वाचलीच नाही, पाणी किती वाजता संपलं, रांग किती वाजता बंद करावी लागली – दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी बांधायला बहुधा दुसरंच कुणीतरी असेल, आणि त्याला हे कुणी सांगितलेलं नसेल.